डलॉनेगाचं एक नाणं घेताना

जॉर्जिया राज्यातल्या डलॉनेगा या डोंगराळ गावात १८३८ ते १८६१ अशी जेमतेम तेवीस वर्षं अमेरिकी सरकारची टाकसाळ होती. तिथे फक्त सोन्याची नाणी पडली. त्यातलं एखादं आपल्याकडे असावं असं मला २०२२ च्या ऑक्टोबरात वाटायला लागलं आणि ते हातात आलं २०२४ च्या मार्चमध्ये. मधल्या काळात मराठीत या विषयावर काही मिळतं का ते पाहत होतो, फारसं सापडलं नाही. अटलांटाच्या आसपास आता आपली इतकी माणसं आहेत, डलॉनेगाला सहलीला जाऊन फज खाऊन परत येणारीही बरीच आहेत. त्यांतल्या कुणाला माझ्यासारखी खाज सुटली तर थोडं कमी चाचपडावं लागेल, म्हणून हे लिहितोय. मी जाणकार नाही. पगारातून बाजूला काढलेल्या पैशांत एक नाणं, आणि पुढे आणखी एक अगदी चिमुकलं, एवढाच माझा संग्रह.

आधी एक सांगायला हवं. माझं आजोळ विट्याचं. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातले गलाईवाले भारतभर सोनं-चांदी आटवायच्या धंद्यात आहेत हे सांगली-साताऱ्याकडच्या लोकांना ठाऊक असेल. माझ्या मामांचं गलाईचं दुकान तीसेक वर्षं कोइमतूरला होतं. त्यामुळे सोनं म्हटलं की मूस, तेजाब, कस, घट हेच शब्द मी लहानपणापासून ऐकलेले. सोन्याच्या नाण्याला त्याच्या सोन्यापेक्षा चौपट-पाचपट पैसे का मोजायचे, हा प्रश्न मला कुणी दुसऱ्याने विचारण्याआधी माझ्याच डोक्यात होता.

ऑक्टोबरातल्या तिसऱ्या शनिवार-रविवारी डलॉनेगाला ‘गोल्ड रश डेज’ नावाची जत्रा भरते. आम्ही कमिंगला राहतो, तिथून रस्ता सरळ उत्तरेला जातो. गर्दी टाळायला म्हणून आम्ही चौकातल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत शिरलो. १८३६ च्या या इमारतीत आता सुवर्ण संग्रहालय आहे, आणि तिच्या विटांच्या मातीतही सोन्याचे कण आहेत असं तिथे सांगतात. आत डलॉनेगाच्या नाण्यांचा अख्खा संच मांडलेला आहे: एक डॉलर, अडीच डॉलर (क्वार्टर ईगल), तीन डॉलर आणि पाच डॉलर (हाफ ईगल). तीन डॉलरचं नाणं डलॉनेगाने फक्त १८५४ मध्ये पाडलं, आणि तेही १,१२०. मुलगी कंटाळून ओढत होती, मी मात्र काचेला नाक लावून उभा. नाण्यांचा रंग मला ओळखीचा आणि तरी वेगळा वाटला. पिवळ्यात किंचित हिरवट झाक होती.

त्याच आठवड्यात मामांना व्हिडिओ कॉल केला तेव्हा ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “आरं, त्यात चांदी ऱ्हायली असणार. तांब्याची भेसळ लालीकडं जाती, चांदीची हिरव्याकडं. सोनं धड फाडलं नाही त्यांनी.” फाडणं म्हणजे तेजाबाने सोन्यातली चांदी वेगळी करणं. पुढे वाचनात कळलं की मामांचा अंदाज बरोबर होता, फक्त टाकसाळवाल्यांचा त्यात दोष नव्हता. १८३७ च्या कायद्याप्रमाणे नाण्यात दहापैकी नऊ भाग सोनं आणि एक भाग भेसळ, आणि त्या भेसळीत निम्म्यापर्यंत चांदी चालत असे. तिथल्या डोंगरातल्या सोन्यात मुळातच चांदी असे, ती तेवढी राहू दिली जाई.

मला ही टाकसाळ आवडायला लागली ती इथून. कारण तिचं काम म्हणजे गलाईच होतं. खाणवाले धूळ, कण, लगडी घेऊन यायचे. टाकसाळीत वजन व्हायचं, आटणी व्हायची, कस निघायचा आणि तेवढ्या किमतीची नाणी खाणवाल्याच्या हातात पडायची. १८२८-२९ च्या सुमारास या भागात सोनं सापडलं आणि लोकांची झुंबड उडाली. फिलाडेल्फियाची टाकसाळ फार दूर, रस्ता वाईट. म्हणून मार्च १८३५ मध्ये काँग्रेसने न्यू ऑर्लिन्स, शार्लट आणि डलॉनेगा अशा तीन शाखा मंजूर केल्या. १८३८ च्या एप्रिलात डलॉनेगाची पहिली नाणी पडली.

ही जमीन चेरोकी लोकांची होती, हे संग्रहालयातही लिहिलेलं आहे. १८३२ मध्ये जॉर्जियाने त्यांच्या जमिनीचे चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे पाडून गोऱ्या रहिवाशांत चक्क सोडत काढून वाटले. आणि ज्या १८३८ साली टाकसाळ सुरू झाली, त्याच साली लष्कराने चेरोकींना गोळा करून पश्चिमेला हाकललं. वाटेत हजारो माणसं मेली. नाणं घ्यायचं की नाही याचा विचार करताना हे माझ्या मनात होतं. त्याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. पण नाण्याच्या कागदपत्रांसोबत मी याच्या नोंदीही ठेवतो, एवढं सांगतो.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात मी एकही पैसा नाण्यावर खर्च केला नाही. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनचं सभासदत्व घेतलं. ही १८९१ ची संस्था आहे, कोलोरॅडो स्प्रिंग्जला तिचं ग्रंथालय आहे, आणि सभासदांना तिथली पुस्तकं टपालाने घरपोच मिळतात. टपालखर्च तेवढा आपला. डलॉनेगावरची संदर्भपुस्तकं महाग आहेत, त्यामुळे ही सोय फार उपयोगी पडली. पुस्तकांइतकाच उपयोग झाला जुन्या लिलावांच्या संग्रहांचा. मोठ्या लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर नाव नोंदवलं की आधीच्या विक्रीचे मोठे फोटो आणि किमती फुकट दिसतात. रात्री जेवणं झाली की मी पाच डॉलरची नाणी एकेक करून मोठी करून बघत बसायचो. बायकोला वाटायचं ऑफिसचं काम चाललंय.

या बघण्यातच मुख्य गोष्ट कळली, आणि मला विचाराल तर डलॉनेगाच्या बाबतीत हीच एक गोष्ट नीट शिकायची आहे. ही नाणी जन्मतःच अर्धवट ठसलेली असतात. ठसे फिलाडेल्फियाहून बनून यायचे, आणि नाण्याच्या मधल्या भागात, दर्शनी बाजूच्या लिबर्टी देवीच्या केसांत किंवा मागच्या गरुडाच्या मानेवर, अनेकदा पुरता उठाव यायचाच नाही. आता झिजलेलं नाणंही सपाट आणि कच्चं ठसलेलंही सपाट. दोन्ही फोटोत सारखीच दिसतात. फरक चकाकीत असतो. जिथे झीज झाली तिथली मूळ चकाकी गेलेली असते, पृष्ठभाग मऊ आणि मंद दिसतो. जिथे ठसाच कमी उमटला तिथे तपशील नसतो पण चकाकी जागच्या जागी असते. नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलं की ती सपाट भागावरूनही सरकत जाते. हे समजायला फोटो पुरत नाहीत, नाणी हातात घ्यावी लागतात.

म्हणून २०२३ च्या वसंतात जवळच्या गावातल्या एका नाण्यांच्या दुकानात जायला लागलो. दुकानदार सत्तरीचे, बोलके. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, “गुंतवणूक की नाद?” मी म्हटलं नाद. मग त्यांनी मागून एक खोकं काढलं. त्यांच्याकडे डलॉनेगाची फारशी नाणी नसत, पण फिलाडेल्फियाची त्याच काळातली भरपूर. “आधी चांगलं ठसलेलं नाणं कसं असतं ते बघ,” असं म्हणून ते शेजारी दिवा लावून देत. दिवा साधा पिवळ्या बल्बचा हवा, ट्यूबलाइटखाली सोन्याचा पृष्ठभाग कळत नाही, हे मी तिथे शिकलो. भिंग पाचपट किंवा सातपट मोठं दाखवणारं पुरतं. दहापटीचं घेतलं तर प्रत्येक नाणं खराब वाटायला लागतं.

टाकसाळीची खूण म्हणजे इंग्रजी ‘डी’ हे अक्षर. १८३८ आणि १८३९ च्या पाच डॉलरवर ते दर्शनी बाजूला, सालाच्या वर आहे; पुढच्या वर्षांत मागच्या बाजूला, गरुडाखाली. १९०६ पासून डेन्व्हरच्या टाकसाळीनेही ‘डी’च वापरलं, पण साल पाहिलं की गोंधळ उरत नाही. खरी भीती वेगळी: फिलाडेल्फियाच्या स्वस्त नाण्यावर नंतर चिकटवलेला किंवा कोरलेला ‘डी’. शिवाय सपशेल बनावट नाणीही आहेतच. पुण्याच्या जुन्या बाजारात ज्याने कधी ‘शिवकालीन’ नाणी हाताळली असतील त्याला हे नवं नाही. त्यामुळे मी ठरवलं की पहिलं नाणं घेईन ते पीसीजीएस किंवा एनजीसी यांनी तपासून बंद केलेलंच. या दोन्ही कंपन्या १९८६-८७ मध्ये सुरू झाल्या. नाणं खरं आहे का ते पाहतात, १ ते ७० मध्ये दर्जा देतात आणि प्लॅस्टिकच्या कडक डबीत सीलबंद करतात. डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. स्लॅबवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहायचा, आणि तिथे फोटो असेल तर समोरच्या नाण्याशी खूण-खूण जुळवायची, कारण हल्ली स्लॅबही खोटे निघतात.

मामांना स्लॅब प्रकार अजिबात पटला नाही. “काचंत घालून ठिवलं? मग कस कसा काढायचा?” मी म्हटलं, मामा, कस काढायचाच नाही. ते बराच वेळ हसत होते.

मग प्रश्न आला कुठलं नाणं. अख्खा संच जमवायचं माझ्या बजेटात स्वप्नही पडू नये. १८५६ चे अडीच डॉलर फक्त ८७४ पडले. १८५५ चा एक डॉलर १,८११. आणि १८६१ चा एक डॉलर तर जॉर्जिया संघराज्यातून फुटून टाकसाळ बंडखोर राज्यांच्या हाती गेल्यावर पडला. किती पडले याची नोंदच नाही. ही मोठ्या लोकांची नाणी. माझ्यासारख्याला परवडतात ती १८४० च्या दशकातली जास्त संख्येने पडलेली हाफ ईगल: १८४३ ची ९८,४५२, १८४४ ची ८८,९८२, १८४५ ची ९०,६२९. १८५२ आणि १८५३ चीही भरपूर आहेत. पण १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं निघालं आणि पुढच्या काही वर्षांत ते सोनं डलॉनेगालाही यायला लागलं. मला इथल्याच, जॉर्जिया आणि आसपासच्या डोंगरातलं सोनं हवं होतं. म्हणून १८४८ च्या आधीचंच घ्यायचं ठरवलं. हा हट्ट माझा, बाजारात त्याची किंमत वेगळी लागत नाही.

दर्जा किती? इथे मी दुकानदारांचं ऐकलं. ते म्हणाले, फार वरच्या दर्जाचं धुतलेलं नाणं घेण्यापेक्षा दोन पायऱ्या खालचं, कुणी हात न लावलेलं घे. सोन्याची नाणी लोकांनी फार घासली, धुतली, चकचकीत केली. मूळ कातडी असलेलं नाणं थोडं मळकट, शेवाळी-पिवळं दिसतं, अक्षरांच्या कोपऱ्यांत काळसर मळ साठलेला असतो. आपल्याकडे दिवाळीला दागिने रिठ्याच्या पाण्यात घालायची सवय असलेल्यांना ते आधी आवडत नाही. मलाही आवडायला वेळ लागला. बजेट तीन हजार डॉलरच्या आत आणि दर्जा एक्स्ट्रीमली फाइन, म्हणजे ४० किंवा ४५, असं नक्की केलं.

२०२३ च्या शरदात लिलावगृहात खातं उघडलं. नाव-पत्ता देऊन खातं उघडतं, पण नव्या माणसाला बोलीची मर्यादा लहान असते. ती वाढवायला एका अर्जात पूर्वी व्यवहार केलेल्या डीलरांची नावं द्यावी लागतात. दुकानदारांना विचारूनच त्यांचं नाव दिलं; त्यांना फोनही आला. मंजुरीला साधारण आठवडा गेला. बोली लावण्याआधी अधिभाराचा हिशेब डोक्यात पक्का करा: हातोडा २,००० वर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी लागली, आणि खरेदीदाराचा अधिभार, म्हणजे लिलावगृहाचं वरचं शुल्क, २० टक्के असेल तर बिल २,४०० चं येतं, वर पाठवणीचा खर्च. हल्ली बऱ्याच ठिकाणी अधिभार वीसच्याही पुढे गेलाय. त्यामुळे मी वहीत फक्त एकूण आकडे लिहायचो, हातोड्याचे नाही. जॉर्जियात नाण्यांवर विक्रीकर नाही. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर आधी पाहून घ्या. काही राज्यांत सूट ठरावीक रकमेच्या वरच मिळते.

जानेवारी २०२४ मध्ये ऑर्लँडोला फनला गेलो. फन म्हणजे फ्लॉरिडातल्या नाणेसंग्राहकांच्या संघटनेचं प्रदर्शन, दर जानेवारीत भरतं, देशातल्या सर्वांत मोठ्या प्रदर्शनांपैकी एक. मुलीला डिस्ने, मला नाणी, अशी तडजोड. नाण्यांच्या टेबलांपेक्षा मला महत्त्वाची वाटली लिलावाआधीची पाहणी. फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं, नोंदवहीत सही करायची, मग ओळीने मांडलेल्या टेबलांपैकी एकावर बसायचं. प्रत्येकाला दिवा. आपल्याला हव्या असलेल्या लॉटचे, म्हणजे लिलावातल्या नाण्यांचे, क्रमांक चिठ्ठीवर द्यायचे, माणूस एकेक खोकं आणून देतो, ते परत दिल्याशिवाय दुसरं मिळत नाही. बॅगा, कोट खुर्चीखाली. कुणी घाई करत नाही. विकत घ्यायचंच असं बंधन नाही, त्यामुळे मी मला न परवडणारी नाणीही मागवली आणि कुणी काही म्हटलं नाही. त्या टेबलावर बसल्यावर महिनोन्‌महिने फोटोत पाहिलेली गोष्ट पहिल्यांदा खरोखर दिसली: मधोमध पार सपाट नाणं, पण दिव्याखाली कलतं केलं की चकाकीची पट्टी सपाट भागावरून अखंड फिरत गेली. शेजारच्या खोक्यातलं त्याच सालाचं नाणं पाच अंकांनी वरच्या दर्जाचं होतं, आणि त्याच्यावर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं. कुणीतरी कापडाने पुसलेलं. मला पहिलं हवं होतं.

ते मिळालं नाही. माझ्या आकड्याच्या बऱ्याच वर गेलं. आणखी एकावर बोली लावली, तेही गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खोलीत बसलेले, माझ्यापेक्षा दसपट जाणणारे लोकही मान हलवून पुढच्या लॉटकडे वळत होते. प्रदर्शनातल्या एका डीलरने, जो फक्त दक्षिणेतल्या टाकसाळींची नाणी ठेवतो, माझा आकडा आणि अटी एका कार्डावर लिहून घेतल्या: १८४८ च्या आधीचं, धुतलेलं नको, तीन हजारांच्या आत. ‘मिळालं तर कळवतो,’ म्हणाला. अशी यादी देणं फुकट असतं आणि डीलरांना ती आवडते. पण एकाच वेळी चारपाच जणांना देऊ नका, ते सगळे एकमेकांना ओळखतात आणि तुमच्यासाठी एकाच नाण्यामागे धावतात.

मार्चच्या सुरुवातीला त्याचा निरोप आला. १८४५, दर्जा ४५, किंमत २,७०० डॉलर. फोटो पाठवले, क्रमांक पाठवला. क्रमांक तपासला, जुने लिलाव चाळले, तर हेच नाणं काही वर्षांपूर्वी एका लिलावात विकलेलं सापडलं. तोच गालावरचा ओरखडा. तेव्हाची किंमत आणि आताची मागणी यांत मोठी तफावत नव्हती. त्या दिवसांत सोनं औंसाला २,२०० डॉलरच्या आसपास होतं. हाफ ईगलचं वजन ८.३५९ ग्रॅम, म्हणजे पाऊण तोळ्याला थोडं कमी, आणि शुद्ध सोनं साडेसात ग्रॅम. म्हणजे धातूची किंमत सव्वापाचशे-साडेपाचशे डॉलर, उरलेले एकवीसशे-बावीसशे त्या ‘डी’ अक्षराचे. हा आकडा मी मामांना सांगितलेला नाही. कृपया कुणी सांगूही नये.

पैसे कार्डाने दिले तर तीन टक्के जास्त, म्हणून चेक पाठवला. नव्या गिऱ्हाइकाचा चेक वटेपर्यंत नाणं पाठवत नाहीत, त्यात दहाएक दिवस गेले. मग ते पोस्टाच्या रजिस्टर्ड सेवेने निघालं. ही सेवा संथ आहे, पण प्रत्येक हाताला सही होते आणि ५० हजार डॉलरपर्यंतचा विमा त्यातच मिळतो, म्हणून दागिने-नाण्यांचे व्यापारी अजूनही हीच वापरतात. पाकिटावर तपकिरी कागदी पट्टी, सांध्यासांध्यावर पोस्टाचे शिक्के. माग काढायच्या पानावर कित्येक दिवस एकच ओळ दिसते आणि जीव खालीवर होतो. हे नेहमीचंच आहे. घरी कुणी नसताना चिठ्ठी टाकून गेले. पोस्टात जाऊन ओळखपत्र दाखवून घेतलं. पावतीवर ७ दिवसांत परत करायची मुभा होती. ते दिवस मी पुरेपूर वापरले: रोज संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली, भिंगाने आणि भिंगाशिवाय, दुकानदारांनाही नेऊन दाखवलं. त्यांनी एकदा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “राहू दे हे.”

आता कंटाळवाणा पण गरजेचा भाग. घराच्या विम्यात नाण्यांचंही संरक्षण असेल असं बहुतेकांना वाटतं. आपली पॉलिसी काढून ‘विशेष मर्यादा’ हे कलम वाचा. रोख रक्कम, सोनं आणि नाणी सगळी मिळून २०० डॉलर, अशी मर्यादा तिथे सर्रास असते. माझ्यातही तीच होती. संग्रहाच्या वस्तूंसाठी वेगळी पॉलिसी मिळते. नाण्याचा फोटो, स्लॅब क्रमांक, पावती आणि ते कुठे ठेवणार ते लिहून दिलं. वर्षाचा हप्ता शंभर डॉलरच्या आत आला. बँकेत लॉकर घेतला. लॉकरमधल्या वस्तूंना बँकेच्या ठेवींसारखं सरकारी विम्याचं कवच नसतं, त्यामुळे लॉकर असला तरी पॉलिसी हवीच. लॉकरमध्ये ओल शोषणारी पुडी ठेवली, ती वर्षातून एकदा बदलायची. मूळ पावती जपून ठेवा, तिची एक प्रत घरात. विकायची वेळ आली तर नफ्याचा हिशेब त्यावरून होतो, आणि वर्षाहून जास्त ठेवलेल्या संग्रहवस्तूंच्या नफ्यावर केंद्राचा कर शेअरसारखा नसतो, २८ टक्क्यांपर्यंत जातो. आणखी एक: बायकोला एका कागदावर लिहून दिलं की हे काय आहे, किती किमतीचं आहे आणि विकायचं झालं तर कुणाला विचारायचं. आपल्यामागे कुणीतरी ते सराफाकडे मोडायला नेऊ नये.

इथे थांबायचं होतं. पण उन्हाळ्यात दुकानदारांकडे एका घरातला जुना साठा विक्रीला आला, त्यात १८४९ चा डलॉनेगाचा एक डॉलर निघाला. त्या वर्षी २१,५८८ पडले होते. तेरा मिलिमीटर व्यास, १.६७२ ग्रॅम वजन, चौदा गुंजांपेक्षाही कमी. शर्टाच्या बटणाएवढं. हे स्लॅबमध्ये नव्हतं. दुकानदार म्हणाले, खरं आहे याची मी हमी देतो, पण कड मला संशयास्पद वाटते, म्हणून ११०० ला देतो. निर्दोष असतं तर याच्या जवळपास दुप्पट मागितले असते. ही किंमत धोका धरूनच होती, आणि मला ती रास्त वाटली.

घरी आणून मी कडेचे फोटो काढले आणि मामांना पाठवले. या खेपेला मात्र ते हसले नाहीत. चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले, “वरच्या बाजूला, बारा वाजतात तिथं बघ. तिथल्या दातऱ्या भरल्यात. कडी झाळली हुती, मग काढून घासली. कुणाच्या तरी गळ्यात हुतं ह्ये.” मी भिंगाखाली पाहिलं. बारा वाजताच्या जागी दोनतीन दातऱ्यांच्या मधली खाच खरंच भरलेली होती. त्यावर सोन्याचा रंगही किंचित वेगळा. एवढे महिने मी नाण्यांचे दर्जे शिकत होतो, आणि हे मला दिसलं नव्हतं. पण ते त्यांचं रोजचं काम होतं.

तरीही तपासणीला पाठवलंच, कारण विमा आणि पुढची विक्री दोन्हींसाठी स्लॅब लागतो. थेट पाठवायचं तर कंपनीचं वार्षिक सभासदत्व घ्यावं लागतं. एका नाण्यासाठी ते परवडत नाही. अधिकृत डीलरमार्फत पाठवता येतं. अर्जात साल, टाकसाळ, नाण्यावरची किंमत, आपण जाहीर केलेलं मूल्य आणि सेवेचा स्तर भरायचा. स्तर मूल्यावर ठरतो. मूल्य उगाच कमी लिहून पैसे वाचवायला जाऊ नका, वाटेत हरवलं तर भरपाई त्याच आकड्याने होते. नाणं मऊ पीव्हीसीच्या पाकिटात घालायचं नाही, ते पृष्ठभागाला हिरवट चिकटा धरतं. पीव्हीसी नसलेली पारदर्शक पाकिटं दुकानात मिळतात. जाणं-येणं, फी, विमा धरून ऐंशी-पंच्याऐंशी डॉलर लागले, आणि वाट पाहायची दोन महिन्यांहून जास्त. संकेतस्थळावर ‘मिळाले’, मग ‘तपासणीत’, मग ‘गुणवत्ता पडताळणी’ असे टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यावरच ते सर्वांत जास्त रेंगाळतं.

निकाल आला तो असा: नाणं अस्सल, एक्स्ट्रीमली फाइन इतके तपशील, पण दर्जाचा अंक नाही. कारण: जोडकाम काढलेलं, म्हणजे पूर्वी दागिन्यात होतं. मामांना कळवलं. “मग? किती घेतलं त्यांनी हे सांगायला?” मी ऐंशी म्हटलं. “मी फुकट सांगितलं हुतं.”

किमतीच्या दृष्टीने मी जिथे होतो तिथेच राहिलो, दुकानदारांनी लावलेला भाव बरोबर निघाला. अंक नसलेली अशी नाणी डलॉनेगाच्या वाटेवर सुरुवात करणाऱ्यांना मी मोकळेपणाने सुचवेन, अट एवढीच की दोष काय आहे ते आधी कळलेलं असावं आणि किंमत त्याप्रमाणे असावी. घासून खराब केलेलं नाणं मात्र स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. ते पाहताना दर वेळी तेच डोळ्यांत येतं.

डॉलर आता पाच डॉलरच्या शेजारी लॉकरमध्ये आहे. त्याची भर विमा कंपनीला कळवून झाली, हप्ता वाढला नाही. गावात गेलात तर संग्रहालय पाहून झाल्यावर युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ जॉर्जियाच्या आवारातही जा. टाकसाळीची इमारत पुढे कॉलेजला मिळाली होती, ती १८७८ च्या डिसेंबरात जळाली. तिच्याच पायावर आताचा प्राइस मेमोरियल हॉल उभा आहे. कळसाला स्थानिक सोन्याचा मुलामा असलेली ती इमारत चौकातूनच दिसते, चालत पाच-सात मिनिटं लागतात. जत्रेच्या दोन दिवसांत गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे नाण्यांसाठी जाणार असाल तर मधला वार निवडा.